गौरव्वाच्या नावाचं ताट

आमच्या घरात जिवंत बाईला कुणी कधी विचारलं नाही, पण मेलेल्या बाईचा मान मोठा. ती बाई म्हणजे गौरव्वा. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ आण्णासाहेब, त्यांची बायको. सीना नदीच्या पुरात वाहून गेली, नवऱ्याच्या आधी, कपाळाचं कुंकू घेऊन. म्हणून दर भादव्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं ताट मांडायचं, सवाष्ण जेवू घालायची आणि नवं लुगडं काढायचं. मी या घरात आले तेव्हापासून पुरण मीच वाटत आले.

आता आम्ही लिंगायत. गळ्यातल्या लिंगाशिवाय आम्हाला दुसरा देव नाही, पक्षपंधरवडा नाही, असं आमचे लोक छाती ठोकून सांगतात. पण गौरव्वा गेली त्या साली घरची म्हैस मेली, पाठोपाठ आजेसासूबाईंनी अंथरूण धरलं. तेव्हा शेजारचे दत्तोपंत जोशी म्हणाले, बुडालेली सवाष्ण उपाशी राहिली आहे, नवमी घाला. अडला हरी, मग काय! तेव्हापासून नवमी सुरू झाली. दत्तोपंतांनी एक मात्र बजावलं होतं: नवरा आहे तोवरच घालायची, तो गेला की बंद.

आण्णासाहेब गेले ते माझी लेक पोटात होती तेव्हा. पुढच्या भादव्यात मी सासूबाईंना, इरम्मांना म्हटलं, "आत्याबाई, आता बंद करायची ना?" बाई माझ्यावर अशी खेकसली म्हणता! "शास्त्र जोशाच्या घरी ठेव. लुगडं जानार म्हंजे जानार."

लुगड्याची तऱ्हाही निराळी. सवाष्ण जेवून उठली की तिला खण-नारळ मिळायचा. लुगडं मात्र सिताबाई कासारीण घेऊन जायची. बुडालेलीचं लुगडं गावात राहू नये, असा आमच्या घरचा नियम. सिताबाई वारली तशी तिची सून यायला लागली, तुळजापुरात बांगड्यांचं दुकान आहे तिचं. हा नियम घातला कुणी, हे मी कधी विचारलं नाही. घरातल्या नियमांना आईबाप विचारायचे नसतात.

मी शुभांगी. परंड्यात खाली आमचं भुसार मालाचं दुकान आणि वर घर. माझा कडक भाकरीचा स्वतःचा धंदा आहे, बार्शीपासून पुण्यापर्यंत माझी भाकरी जाते. तोंडाची मी फाटकी आहे, हे सगळ्या परंड्याला ठाऊक आहे. पण हे सगळं तोंड माझ्या लेकीपुढं मुकं झालं होतं.

शिवप्रिया पंचमीला माहेरी आली ती परत गेली नाही. जवळच्याच वाशीला दिलेली. जावई नंदीश, खत-बियाणांचं दुकान, बोलायला साखरेचा. पोरीचा डावा हात मनगटापासून सुजलेला. "बाथरूममध्ये पाय घसरला," म्हणाली. अगं, पाय घसरल्यावर मनगटावर पाच बोटं उमटतात का गं? मी गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, केसाला तेल लावता लावता विचारलं. ती आपली, "काही नाही गं आई." श्रावण गेला, गौरी-गणपती गेले. गल्लीतल्या बायका भाकरी न्यायला येऊन विचारायला लागल्या, "शिवप्रिया अजून हाय का?" मी म्हणायचे, "हाय. तुमचं काय खाती?"

नवमीच्या आठवडाभर आधी यांनी, राजशेखर म्हणजे माझ्या मालकांनी, चहाचा कप खाली ठेवला आणि ठरलेलं सांगावं तसं सांगितलं, "यंदा सवाष्ण म्हणून आपली शिवप्रियाच बसंल. जावईबापूंना न् विहीणबाईंना बोलावलंय. गौरव्वाच्या नावचं लुगडं नेसून लेक त्यांच्याबरोबर जाईल. यंदा लुगडं बाहेर द्यायचं न्हाई. त्या माउलीचा आशीर्वाद लागला म्हंजे सगळं सुरळीत होतंय."

"हात बघितलाय का तिचा?" मी म्हणाले.

"संसार म्हटल्यावर भांड्याला भांडं लागतंय शुभांगी. थोरल्या अव्वानं, गौरव्वानं काय कमी सोसलं? पण घर सोडलं न्हाई तिनं. तिथंच मेली. म्हणून तर आज आपण हात जोडतो."

माझा नवरा वाईट माणूस नाही. भित्रा आहे. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तुरीचा भाव सांगताना घाम फुटतो त्यांना. पण भित्र्या माणसाच्या हातात लेकीचा निर्णय असला की तो वाईट माणसाएवढाच महाग पडतो. मी काहीबाही बोलले, आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शिवप्रिया म्हणाली, "आई, नको भांडू. जाते मी." इतकं सहज म्हणाली की माझ्या अंगातलं वारंच गेलं.

पलीकडच्या खोलीत आत्याबाई दुधात भाकरी कुस्करून खात होत्या. ऐंशीच्या आसपास वय, गुडघे गेलेले, कान मात्र मांजराचे. त्यांनी हाक मारली. "शुभे, आत ये. दार लाव."

मी दार लावलं.

"ती मेली न्हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण?"

"अक्का. गौरव्वा."

मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. मी कपाळाला हात लावून बघायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. "ताप न्हाय मला. बस. ऐक. मधी बोलू नको, तुला लई खोड हाय."

आणि मग त्यांनी सांगितलं ते असं.

तेव्हा घर सीनेकाठच्या गावात होतं. इरम्मा पंधरा वर्षांच्या, नुकत्या नांदायला आलेल्या. गौरव्वा मोठी जाऊ, तीही विशीच्या आतलीच. आण्णासाहेब चारचौघांत मोठा माणूस, पंचायतीत शब्दाला मान. घरात मात्र हात सुटा. भाजीत मीठ जास्त झालं तर मार, कमी झालं तर मार, बरोबर झालं तर 'हसलीस का' म्हणून मार. चुलीतलं उलथणं एकदा दंडाला लावलेलं. गौरव्वा दोनदा माहेरी पळून गेली आणि दोन्ही वेळा तिचा भाऊ नारळ-लुगडं घेऊन तिला परत सोडायला आला. दिली तिथं मेली, असं म्हणायची पद्धत. आजेसासू सगळं बघायची आणि तोंड फिरवून वाती वळायची.

"म्या लहान व्हते," आत्याबाई म्हणाल्या. "पर अक्कानं मला आईवानी संबाळलं. पयल्यांदा भाकरी थापायला शिकवली, माज्या वाटचा मार बी एकदोनदा तिनंच खाल्ला."

भादव्यात नदीला पूर होता. दोघी जावा गोधड्या धुवायला गेल्या होत्या. गौरव्वानं गोधडी दगडावर ठेवली आणि सरळ पाण्यात चालत निघाली. गुडघाभर, कमरेएवढं. काही बोलली नाही, मागं बघितलं नाही. इरम्मा धावल्या आणि हाताला लागतील ते केस धरून तिला ओढलं. दोघी चिखलात पडल्या. गौरव्वा म्हणाली, "सोड मला इरी. मरू दे." आणि या पंधरा वर्षांच्या पोरीनं, माझ्या सासूनं, तिच्या थोबाडीत मारली.

"म्हणलं, मरायचंच हाय ना तुला? मग मेलीस असं समज. आता जा."

बाजाराला निघालेली सिताबाई कासारीण बांगड्यांची पाटी घेऊन काठावरनं येत होती. ती माकणीकडची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिच्या गाठोड्यातलं जुनेर गौरव्वानं नेसलं आणि ती सिताबाईबरोबर निघाली. तिचं स्वतःचं लुगडं इरम्मांनी पुरात सोडलं, दोघी झाडाआड जाईपर्यंत दम धरला आणि मग बोंब ठोकली. लुगडं खाली बाभळीला अडकलेलं सापडलं. बाई सापडली नाही.

आण्णासाहेबांना संशय होता. त्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत इरम्मांना उभं केलं. लिंग हातात घे आणि सांग, म्हणाले. आमच्यात लिंग हातात घेऊन खोटं बोलणं म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. जन्मल्यावर गळ्यात बांधतात, मेल्यावर त्याच्यासकट पुरतात. इरम्मांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "म्या माज्या डोळ्यानं बगितलं. अक्का वाहून गेली."

"मानलं समद्यांनी," आत्याबाई म्हणाल्या. "मग जोशानं नवमी काढली. म्या म्हणलं, काढली तर काढली, निदान वर्साला एक लुगडं तरी जाईल अक्काला. म्हणून म्याच म्हणलं, गावात ठेवू नका, कासारणीला द्या."

इतकी वर्षं मी त्या ताटापुढं डोकं टेकत होते आणि ही म्हातारी शेजारी बसून मुकाट्यानं माकणीला साड्या पाठवत होती. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग हसू आलं. आणि हसता हसता रडायलाच लागले, आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, नव्या नवरीसारखी.

"हाये अजून," त्या म्हणाल्या. "कासारणीची सून सांगती. फोन लाव तिला."

"आत्याबाई, हे सगळ्यांपुढं आलं तर? तुमची शपथ..."

"तेवढंच राह्यलंय बग. शपथ खोटी पडली तर वर जाऊन काय ते माजं म्या बगीन. पर त्या बाईच्या नावानं माज्या नातीला ढकलत्यात व्हय? जी बाई म्या हातानं वडून काडली, तिच्या नावानं?" भीती होती तिला, मला दिसत होती. मुलं तोंडावर थुंकतील ही भीती, वरच्याचीही भीती. तरी म्हणाली, "लाव फोन."

तुळजापूरहून नंबर मिळाला. माकणीत कुणीतरी फोन उचलला, मग बराच वेळ खुडबुड, मग एक खणखणीत आवाज. "कोन?"

"मी इरम्मांची सून, परंड्याहून."

"इरी गेली का?"

"नाही नाही. बऱ्या आहेत."

"मग रडतीस कशाला?"

मी सगळं सांगितलं. मधे एकदाच तिनं विचारलं, "पोरीला नवरा मारतो?"

"ती काही सांगत नाही हो."

"म्हंजे मारतो," ती म्हणाली. "ताट मांडून ठेव. येतो आमी."

शिवप्रियाला मी काही सांगितलं नाही. म्हातारं माणूस, लांबचा रस्ता, आली तर आली. उगीच आशा लावून पोरीला आणखी मोडायचं नव्हतं.

नवमीच्या दिवशी नंदीश आणि विहीणबाई सकाळीच गाडी घेऊन हजर. जावई आल्या आल्या माझ्या पाया पडला. "मम्मी, तब्येत बरीये ना?" असं विचारताना त्याची नजर शिवप्रियावर, आणि शिवप्रियाची जमिनीवर. विहीणबाई म्हणाल्या, "आमची लक्ष्मी न्यायला आलो बाई. घर कसं खायला उठतंय." मी म्हटलं, "बसा, पोळ्या व्हायच्यात."

त्या दिवशी माझ्या पोळ्या काही केल्या होईनात. कणीक सैल झाली म्हणून परत भिजवली. पुरण परत वाटलं. कटाच्या आमटीला फोडणी दोनदा. आत्याबाई खुर्चीत बसून दाराकडं टक लावून होत्या आणि मी लाटणं हातात घेऊन खिडकीकडं. दोन वेळा हे आत डोकावले. "अगं, झालं का? त्यांना उजेडी परत जायचंय." शेवटी आणखी खोटं सुचंना तेव्हा ताट वाढलं. पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, शेजारी घडी न मोडलेलं हिरवं लुगडं ठेवलं.

"शिवप्रिया, बस बाळ," हे म्हणाले.

लेक पुढं आली. आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

जिन्यावरून काठी टेकत यायला म्हातारीला केवढा वेळ लागला! उंच बाई, वाकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत बांगड्या, कासारणींची संगत ती. तिनं कुणाकडं बघितलं नाही. थेट पाटापाशी आली, काठी भिंतीला टेकवली आणि "आई गं" करत पाटावर बसली.

"आज्जी, अहो हे ताट..." हे गोंधळले. "तुमी कोण?"

"गौरव्वा. आण्णासाहेबाची. मेलेली ती." तिनं ताट जवळ ओढलं. "इतकी वर्सं माज्या नावानं दुसऱ्याच जेवल्या. म्हणलं एकदा आपुनच जावं."

विहीणबाई पुटपुटल्या, "अगं बाई, आण्णासाहेब तर कधीच गेले म्हणत होता. मग ही सवाष्ण कशी?"

"सवाष्णच हाय म्या," गौरव्वा म्हणाली. "माजा हरिबा खाली गाडीत बसलाय, जिना चढवत न्हाय त्याला. त्याला बी एक ताट धाडा, गोड लई खाऊ देऊ नका, साखर हाय."

मी आत्याबाईंकडं बघितलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"सगळंच तुला सांगत बसू व्हय?" आत्याबाई म्हणाल्या, पण डोळे भरलेले. त्या खुर्चीतून उठायला बघत होत्या आणि उठता येत नव्हतं. शेवटी गौरव्वाच पाटावरून सरकत सरकत त्यांच्या पायांपाशी गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. "लई म्हातारी झालीस गं इरी," एक म्हणाली. "तू लई पोरगी राह्यलीस जणू," दुसरी म्हणाली.

हे पुढं झाले. "अव्वा, हे काय? तू लिंग हातात घेऊन सांगितलं होतं ना?"

"व्हय. खोटं बोलले." आत्याबाईंनी मान खाली घातली नाही. "काठावर म्याच हुते, म्याच लावून दिली. आज परत इचारलं तर परत खोटं बोलंन. ज्या बाईनं घर सोडलं न्हाय म्हणून तू हात जोडतोस, तिनं घर सोडलं म्हणून ती इथं बसलीये, राजा."

"पण थोरल्या अव्वा," हे गौरव्वाकडं वळले. आवाजात राग होता आणि रडूही होतं. "एकदा तरी निरोप धाडायचा. आमच्या घरानं तुमचं सुतक पाळलं, शोक केला..."

"शोक केला? कोन रडलं सांग."

हे आठवायला लागले. त्या वेळी ते जन्मलेही नव्हते. त्यांनी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत पूर होता, बाभळीला अडकलेलं लुगडं होतं, म्हैस होती, जोशीबुवा होते. रडणारं माणूस एकही नव्हतं.

"कुनी इचारलं बी न्हाय," गौरव्वा म्हणाली. "भावानं न्हाय, सासूनं न्हाय, पंचानं न्हाय. ती नदीवर का गेली, तिला काय झालं हुतं, कुनी म्हणून इचारलं न्हाय. मेल्यावर मातर पुरनपोळी."

नंदीश उभा राहिला. साखर कुठं गेली होती कोण जाणे. "हा तुमच्या घरचा तमाशा तुम्ही बघा. शिवप्रिया, पिशवी घे. चल."

शिवप्रिया उठली. खरंच उठली, सवयीनं. तिच्या पायांना तेवढंच माहीत झालं होतं. मी पुढं झाले, पण माझ्याही आधी हे मधे आले. माझा भित्रा नवरा. तुरीचा भाव सांगताना घाम फुटणारा. आत्ताही घाम फुटलाच होता, मानेवरून ओघळत होता. त्यांनी लेकीचा डावा हात हातात घेतला, मनगट उलटं करून बघितलं, आणि इतक्या दिवसांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय झालं होतं गं तुला तिथं?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"अहो पप्पा, काय विचारताय, मी सांगतो ना..." नंदीश म्हणाला.

"तुमी बसा," हे म्हणाले. "तुमाला न्हाई इचारलं. तिला इचारलंय. तुमी पण ऐका." आणि लेकीपुढं जमिनीवर मांडी घालून बसले. "पहिल्यापासून सांग बाळ. मी कुठं जात न्हाई."

आणि माझी लेक सांगायला लागली.